सरावाची भिंत

रोज साडेपाचला भिंत पाडायची.
शिकवणीचा नियमच तसा. सिमेंट नाही, नुसता चुना-वाळू,
म्हणजे विटा सुटतात, उद्या पुन्हा लागतात.
मुल्लाणी सर सांगतात. वय सव्वीस,
डोक्यावर पांढरं हेल्मेट. आमची पिवळी.

पहिल्या दिवशी हजेरीच्या यंत्रानं अंगठा नाकारला.
चार वेळा. पाचव्यांदा थुंकी लावून.
"काका, रेषाच न्हाईत की," पोरगी म्हणाली,
जशा काही त्या मी घरी विसरून आलोय.

शिरोलीतल्या फौंड्रीत मी मोल्डर. एकोणतीस वर्षं,
भट्टी थंड झाली त्या शुक्रवारपर्यंत.
मोल्डर म्हणजे काय, हे सोयऱ्यांना सांगत बसावं लागायचं:
पेटीत वाळू ठोकायची, नमुना अलगद काढून घ्यायचा,
मागं उरते ती पोकळी सांभाळायची.
तिच्यात लोखंड ओतलं की पंपाची बॉडी.
माझा सगळा हुन्नर
जिथं काही नाही तिथला.

आणि इथं भरायचं.
थरावर थर, सांध्यात चुना, दोरीला धरून.

शेजारी मालन वड्डर.
वीस वर्षं घमेलं वाहिलं,
थापीला हात लावला की मुकादम खेकसायचा.
भिंत तिला पाठ आहे खालून वर,
बघून बघून. फक्त हातांना सांगायचं राहिलंय.
माझ्या हातांना मी विसरायला सांगतो,
ते ऐकत नाहीत. वीट ठेवली की
दोन ठोके जास्तच देतात, सवयीनं.
"सर्जेराव, वीट हाय ती, साचा न्हवं!"
मालन हसते. तिचा थर सुतात,
माझ्या भिंतीला पोट.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी ओळंबा हातात दिला.
बिडाचा. मी तो फिरवला,
नखाला लागली ती बारीक कड,
पेटीची दोन अंगं मिळतात तिथली.
कुणीतरी घासायची राहून गेलेली.
आमच्याकडचा असेल, नसेल.
मी काही बोललो नाही.
दोरी सोडली. तो थोडा हलला,
मग थांबला. सरळ खाली.

गळीत हंगाम सुरू आहे.
वाऱ्याबरोबर मळीचा वास शेडमध्ये येतो,
सगळे नाक मुरडतात, मालन सोडून.
तिची पोरं कारखान्यावर उसाच्या गाड्या मोजत वाढली.
परीक्षा सोमवारी. पास झालो तर कागद मिळेल,
रोजात दीडशे वाढतील म्हणतात.
म्हणतात.

आज सर म्हणाले,
"आता मधी खिडकी सोडा."
बांधा नव्हे. सोडा.
चौथ्या थरापासून दोन्हीकडून विटा वर नेल्या
आणि मधलं राखत गेलो.
हात एकदाही जास्तीचे ठोकले नाहीत.
गुण्या लावला, चारही कोपरे गुण्यात.
पलीकडून मालननं वाकून बघितलं,
तिचं तोंड, पिवळं हेल्मेट, मागं उसाचा ट्रॅक्टर,
सगळं बरोबर बसलं.
ती म्हणाली, "ह्ये कुठं शिकलासा?"

साडेपाचला पाडली.
अख्ख्या विटा एकीकडे, अर्ध्या एकीकडे,
चुना पाटीत खरवडून.
मोजून ढीग लावले, सरांनी वहीत लिहिले.
खिडकी
कुठल्याच ढिगात नव्हती.