बोटभर जागा

गाराझीने यादी लिहून आणली होती, औषधाच्या खोक्यावर.
रविवारी आर्राते चढायचा, क्लबातल्या पोरांच्या मागे न पडता.
सोमवारी पिशवी लादून वरच्या घरांकडे,
जिथे डांबर संपतं
आणि पुढचा रस्ता फक्त मेंढ्यांना ठाऊक.
पाऊस असेलच. एइबारला पाऊस असतोच,
छत्री उघडावी की नको, एवढाच.
वजन कमी. मोडता कामा नये.
एकच सायकल, कारण जिन्याखाली
एकीपुरतीच जागा.

मी चष्मा काढला.
"आखूडशिंगी, बहुदुधी हवी म्हण की."
"जनावरांचीच डॉक्टर आहे मी," ती म्हणाली.
"तशी एक पाहिली आहे. लाथा मारायची."

याच भिंतीआड माझे आजोबा बंदुकीच्या नळ्या घासत.
मग बंदुका खपेनात, सायकली खपू लागल्या.
नळी ती नळीच, म्हणायचे,
फक्त आता भोकातून काही बाहेर येत नाही.

पहिली रेघ मागच्या चाकाची.
तरुणपणी मी चाक सीटच्या नळीला असं चिकटवायचो
की मध्ये पोस्टकार्ड सरकू नये. फुशारकी होती ती.
मग एक पोरगा पहिल्याच चिखलात चाक अडकून
सायकल खांद्यावर घेऊन दारात आला,
काही बोलला नाही, पाणी मागितलं.
तेव्हापासून मी फट बोटाने मोजतो.

चारशे पस्तीस मिलिमीटर, टाच पिशवीला लागू नये म्हणून.
पस्तीसचा टायर, त्यावर मडगार्ड,
आणि मधे एक बोट.
माझं तर्जनीचं पेर लेथने नेलंय,
म्हणून गाराझीचं बोट घेतलं.

पुढच्या कोनाने मात्र झोप उडवली.
त्र्याहत्तर अंशांत वळणं चाटत गेली असती,
पण ती जेमतेम एकशे सत्तावन्न सेंटिमीटर,
बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागलं असतं.
बाहत्तर. पुसलं. साडेएकाहत्तर,
चिमट्याला थोडा जास्त बाक.
उतारावर एक हात सोडून नाक पुसता यावं,
यापेक्षा मोठी कसोटी मला माहीत नाही.
पहाटे तीनला वाटलं, एक ना धड, भाराभर चिंध्या.
चारला वाटलं नाही.

डिस्क ब्रेक मला आवडत नाहीत.
चिमटा जाड करावा लागतो, नजरेला खुपतो.
पण ओल्या उतारावर
नजर सायकल थांबवत नाही.
बॉटम ब्रॅकेट आट्यांचा, दाबून बसवलेला नको,
तो वर्षभरात कुरकुरतो आणि लोक मला शिव्या घालतात.
केबली बाहेरून.
आतड्यांत हात घालायची सवय तिला आहे, मला नाही.

शेवटी पितळ वितळलं, धूर वर गेला,
आणि उरलेल्या चांदीच्या दोन थेंबांनी
चिमट्याच्या अध्यावर दोन्हीकडे
एकेक आट्याचं भोक बसवलं.
"हे कशाला? यादीत नव्हतं."
"असू दे."
वजन तिने विचारलं नाही.
काट्यावर मी टॉवेल टाकून ठेवला होता.

दोन हिवाळ्यांनंतर ती आली, चेन बदलायला.
आर्रातेवर पोरं एका वळणाने पुढे असतात, म्हणाली,
उतारावर मात्र तिची वाट बघत नाहीत,
ती त्यांची बघते.
हिरवा रंग पिशवीने घासून पांढरा झालेला.
त्या दोन भोकांवर पेचून
सफरचंदांची फळी ठोकलेली पेटी,
पेटीत, तिच्या स्वेटरात गुंडाळलेलं,
पाय वाकडा असलेलं कोकरू.

मी सायकल उलटी केली नाही, त्याच्यामुळे.
खाली वाकलो.
टायर आणि मडगार्डच्या मधे
लोकरीचा ओला गोळा अडकला होता.
आखूड बोट आत घातलं. गेलं.