सात मिनिटं

कार्दलाच्या गोदीत, हिउमा बेटावर,
वेल्योचा संगणक सकाळपासून एकच म्हणतोय:
प्रवेश नाकारला.

एकेका बोटाने, खिळे ठोकावेत तसा,
तो पासवर्ड ठोकतो.
"हाच आहे. पहिल्या होडीचं नाव, पुढे बत्तीस."
मग ओशाळून: "आता हा बदलावा लागणार ना?"

केबल काढली, फुंकली, लावली.
पलीकडच्या टेबलावरून विर्वे सहज आत गेली,
तोच सर्व्हर, तोच सामायिक ड्राइव्ह,
होड्यांच्या कण्यांची तीच रेखाटनं.
जुने साठवलेले पासवर्ड मी पुसले.
त्यात एक मार्तचा निघाला,
तो चार वर्षांपासून तुर्कूत बस चालवतो.
तरी नाही म्हणजे नाहीच.

मग पडद्याच्या कोपऱ्यात लक्ष गेलं.
तिथे दहा वाजून चार,
माझ्या मनगटावर अकरा.

"पाच मिनिटांचा फरक चालतो," मी म्हणाले,
"त्यापुढे तो ओळख दाखवत नाही."

वेल्यो हसला नाही.
"फेरीबोटसुद्धा थांबते हो,
धक्क्यावर कुणी पळत येताना दिसलं तर."

वेळ जुळवली. फोल्डर उघडलं.
फक्त विचारलं, घड्याळ मागे गेलं कसं?
त्याने भिंतीकडे बोट केलं:
लाकडी चौकट, पितळी लंबक,
भुश्याने माखलेली काच.
"मी दर सोमवारी त्याच्यावरून लावतो."

बॅग उचलली तेव्हा
तो दारापर्यंत आला, आवाज खाली आणून म्हणाला,
"ते तुमच्या सर्व्हरला
दिसत तर नाही ना?"