आठवा हात

मे महिन्यात भट्टी पेटवू नये असं हिंगणा रोडला सगळेच म्हणतात.
डोमाजी निनावे पेटवतात.
टिनाबाहेर सेहेचाळीस, आत अकराशे;
"काय फरक पडते," म्हणतात, "आपल्याले."

मेणाचा अष्टपाद मी चार महिने घडवत होते.
चोषक उठवले पेनच्या टोपणानं,
टोकाकडचे बारीक, मोहरीच्या दाण्यानं.
एका हातावर दोनशे झाले, मग मोजणं सोडलं.
खरा पाहिलाय एकदाच,
रत्नागिरीला, बरणीत, फिकुटलेला.
डोमाजींनी तोही नाही.
त्यांचं पाणी म्हणजे अंबाझरी
आणि कूलरच्या टाकीतलं.

याच्या रक्तात तांबं असतं, मी सांगितलं,
म्हणून ते निळं.
त्यांनी चिमटा खाली ठेवला.
"म्हंजे धातू पहिलेच आहे त्याच्यात.
आपण फक्त उरलेला ओतून राह्यलो."

साचा फोडला. सात हात पुरते आले,
आठवा अर्ध्यावर थांबलेला:
रस वाटेतच गोठला.
ते बराच वेळ त्या टोकाकडे बघत बसले.
तुटला तर पुन्हा उगवतो, मी म्हटलं, समुद्रात.
"किती दिवसात?"
ते मला ठाऊक नव्हतं.

आता तो शेडच्या दाराशी आहे, विकलेला नाही.
संध्याकाळी कूलर भरून झाला
की उरलेला मगभर
डोमाजी त्याच्यावर रिकामा करतात.
परवा गेले तर
थोट्या टोकावर हिरवट-निळं चढू लागलेलं,
आणि ते उकिडवे बसून
वीत लावून बघत होते.