तिसरी फेज

ओरेस्ट हालुश्चाकच्या शेडची वायरिंग तपासायला गेलो
तेव्हा बाहेर उणे एकतीस होतं
आणि माझं पेन उमटत नव्हतं.
त्याने ते मागून घेतलं, हीटरसमोर धरलं,
म्हणाला, आधी पॅनेल बघा.

बघितलं.
साठ अँपियरचा ब्रेकर, तांब्याची जाड केबल,
जमीन गोठायच्या आत, सप्टेंबरातच खणलेला चर;
त्याचा फोटोसुद्धा काढून ठेवलेला,
खोली कळावी म्हणून शेजारी टेप धरून.
अर्थिंगच्या दोन सळ्या.
प्रत्येक तारेवर चिकटपट्टी, पट्टीवर वेडंवाकडं अक्षर:
कंप्रेसर. वेल्डिंग. लिफ्ट. लेथ.
बावीस वर्षांच्या नोकरीत
इतक्या ओळंब्यात उतरलेल्या तारा
मी चर्चमध्येही पाहिल्या नव्हत्या.

लिफ्ट यॉर्कटनकडच्या बंद पडलेल्या बस डेपोतली.
लेथ तिथलाच; लिलावात कुणी हात वर केला नाही
म्हणून भंगाराच्या भावात आलेला.
दोन्ही थ्री फेजवर चालणारे.
आणि रस्त्यावरच्या खांबावरून याच्याकडे येते सिंगल फेज.
कंपनीने तिसऱ्या तारेचा जो आकडा सांगितला
त्यात अजून एक शेड झाली असती,
वर शेडमध्ये लावायला गाडी.

मग कोपऱ्यात हे काय फिरतंय?
दहा हॉर्सपॉवरची करडी मोटर,
गावातलं धान्याचं एलिव्हेटर पाडलं
तेव्हा ढिगाऱ्यातून उपसलेली.
शाफ्टला पट्टा नाही, पुली नाही,
चावीची खाच रिकामी.
ही काय चालवते?

मला ठाऊक होतं. तरी विचारलं.
लोक कसं सांगतात ते ऐकायला आवडतं.

'काही नाही चालवत. नुसती फिरते.
ती फिरत राहिली की तिसरी फेज तयार होते.
ती नसली तर लेथ गुरगुरतो, जागचा हलत नाही.'

मोटरीपलीकडे, बसमधून काढलेल्या ड्रायव्हरच्या सीटवर
त्याचा थोरला भाऊ, मेलेटी.
त्याच एलिव्हेटरवर अठ्ठावीस हंगाम काढलेला.
दोन वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली, बरोबर शब्दही.
खायला काळ, भुईला भार,
असं त्याला कुणी म्हणालं नसेल;
तो स्वतःच म्हणत असावा,
माझ्याकडे न बघण्याच्या त्याच्या पद्धतीत.
मांडीवर विजेचं ब्लँकेट, आणि त्याची वायर
एका एक्स्टेंशनमधून दुसऱ्यात,
कोटाच्या खुंटीवरून, दाराच्या फटीतून, थेट घरापर्यंत.

गरम झालेल्या पेनाने मी लिहिलं: नामंजूर.

ओरेस्टचा चेहरा उतरला. एवढ्यासाठी?
एवढ्यासाठीच.
जो माणूस रोज इथे बसतो
त्याची वीज पाहुण्यासारखी दारातून येऊ नये.
असं मी बोललो नाही.
मी कलमाचा नंबर सांगितला.

मार्चमध्ये परत गेलो. बर्फ काळं पडलेलं.
सीटच्या डाव्या बाजूला नवा प्लग.
त्याच्या वर आणखी एक डबी:
हिरवं बटण, लाल बटण.
मोटरीचा स्टार्टर कोपऱ्यातून उचलून
इथे आणून बसवलेला,
सहा मीटर केबल जास्तीची घालून.
उंची बसलेल्या माणसाच्या कोपराएवढी.
नियमांच्या पुस्तकात या उंचीबद्दल काही नाही.
गाडीत जाऊन मी दोनदा पाहिलं.

ओरेस्टने चकमध्ये एक झिजलेली पिन आवळली
आणि हात पुसत थांबून राहिला.
मेलेटीला घाई नव्हती.
डाव्या हाताने चष्मा सरळ केला,
शेडभर नजर फिरवली, पार माझ्या बुटांपर्यंत,
गाळा उघडायच्या आधी फिरवत असेल तशी.
मग अंगठा टेकला.

दिवे दबले, सावरले.
अंगणापलीकडे स्वयंपाकघरातला बल्बही दबला असणार,
कारण काचेआड स्लाव्काने
पिठाच्या हातांसकट मान वर केली.