बांधाला बांध

हनोईत रेघ सरळ होती.
बाराव्या मजल्यावर, काचेखाली, लाल,
वरून खाली देशभर.
ख्येमसाहेब म्हणायचे, वळण म्हणजे खर्च.

मी त्या रेघेवरून चालत आले
न्घे आनच्या वाळूत, भुईमुगाच्या शेतांतून,
लाओसकडून सुटणाऱ्या भाजक्या वाऱ्यात
एका हाताने टोपी, दुसऱ्याने तिपाई धरत.
दर वीस मीटरवर खुंटी.
घरं सत्तावीस. विहिरी नऊ.
थडगी एकशे चौदा.

थडग्यांचा तक्ता माझ्याकडे.
एकशे तेरांना कुणी ना कुणी निघालं.
सायगॉनहून मुलं आली रात्रीच्या बसने,
हाडांना ऊन लागू नये म्हणून
पहाटेआधीच ताडपत्री ताणून उकरलं,
तांदळाच्या दारूने एकेक हाड पुसलं,
मातीच्या आखूड पेटीत नीट रचलं
आणि पावतीवर सही करून परतली.

एक उरलं. साखळी क्रमांक ४१२ अधिक ६००.
नुसता उंचवटा, त्यावर माजलेला केवडा.
सूचना लावली, मुदत तीन महिने.
उन्हाने आधी शिक्का खाल्ला, मग अक्षरं.

ऐंशीव्या दिवशी थोआन म्हातारी आली.
माझं आहे ते.
कोण पुरलंय?
ठाऊक नाही.
मग नातं काय?
बांधाला बांध, म्हणाली.
चाळीस वर्षं शेजारी भुईमूग लावतेय,
पहिली ओंजळ दादाला देते, उदबत्ती लावते,
पाऊस लांबला तर चार शिव्याही त्यालाच.

मला वाटलं, पैशासाठी.
या कामात फार पाहिलेलं असतं.
संगणकाच्या यादीत पत्नी, पुत्र, सून, पुतण्या;
शेजार नव्हता.
मी 'इतर' दाबलं. पुसलं.
'धाकटी बहीण' लिहिलं.
राष्ट्रीय प्रकल्पात तेवढं एक खोटं माझ्या सहीचं.

पैसे तिने घेतले. दोनदा मोजले.
चांगल्यातली पेटी आणली,
उरलेल्यात टेबलफॅन,
आणि मला मुद्दाम बोलावून
तिन्ही वेगांवर फिरवून दाखवला.

उकरलं तेव्हा वाळूतून निघाला
केसांचा चाप. दात शाबूत.
म्हातारी उकिडवी बसून बघत राहिली.
अगं बाई, म्हणाली,
आणि मी इतकी वर्षं दादा म्हणत होते!
मग दारूचा बोळा हातात घेऊन
कवटी पुसता पुसता
तिची माफी मागत होती, की हसत होती,
मला कळलं नाही.

नवी दफनभूमी रस्त्याच्या पलीकडे.
शेत अलीकडे.
जायचं कुठून, तिने विचारलं.
मी वाळूवर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड:
४१३ अधिक १५०, खालून बोगदा, गुरांसाठी,
उंची अडीच मीटर.
तिने बोटाने जाणं मोजलं, येणं मोजलं.
एवढं वळण?

आता मी कधी त्या रस्त्याने बसने जाते,
ताशी शंभर, पडदे ओढलेले, सगळे झोपलेले.
४१२ अधिक ६०० कळतही नाही.
थोडं पुढे मात्र
चाकांचा आवाज क्षणभर पोकळ होतो.
खाली त्या वेळी कुणी असेल तर
डोक्यावरून आम्ही गेलेलो
त्याला ऐकू येत असेल.