गंज

जप्तीत एकूण सतरा वस्तू गेल्या.
चौदा नंबरवर आमचा गंज.

शेडगे साहेब तिकडचे, साताऱ्याकडचे.
म्हणे, "गंज म्हणजे? गंजलेलं काय?"
नाई जी, म्हटलं. गंज.
ज्यात शंभर माणसाचा भात होते, थो.
त्यायनं मान वर केली नाई. लिवलं :
'मोठे पातेले, जुने वापरते, नग एक.'
जर्मनचा हाय, म्हटलं.
जर्मनले गंज चढत नाई.
"बाई, मागं सरा."

आमचं मांगणं एवढुसंच होतं :
कोयश्याच्या गाडीवर ताडपत्री टाका,
रस्त्यावर दोन टाईम पाणी मारा.
मोहटोलीत वाळवण काळं, पोट्ट्यायचं नाक काळं,
दुधावर साय येते थेही काळी.
म्हून फाट्यावर बसलो तीन दिवस.
चवथ्या दिवशी आमचीच ताडपत्री नेली.
भोंगा नेला, बॅटरीसकट.
देवरावचा डफ नेला. लगनसराई तोंडावर होती त्याची.
लक्ष्मण बुढ्याची काठी लिवली
'लाकडी दांडा, प्राणघातक.'
बुढा नातवाच्या खांद्याले धरून घरी गेला,
दीड कोस,
अन् वाटंत तीनदा म्हणे, पाह्य ना बे,
मले आजच समजलं मी किती खतरनाक हाव.

भात अर्धा शिजला होता.
चुलीतल्या लाकडावर पाणी ओतलं,
भात कुठी ओतला थे पंचनाम्यात नाई.

गंज एकटा नाई गेला.
झाड्याच्या पोरीचं लगन चार घरच्या चार भगोन्यात झालं,
कुठी भात कच्चा, कुठी गिचका,
व्याही जेवला अन् काही बोलला नाई.
बोलला असता तं बरं झालं असतं.

कोर्टात विचारलं, मालकीचा पुरावा?
म्हटलं, काठावर नाव हाय, वाचून पाहा.
'कै. गुजाबाई निखाडे यांच्या स्मरणार्थ, महिला बचत गटास.'
बाबू म्हणे, "मग या बाईंना हजर करा."
कै. आहेत त्या, म्हटलं.
बाबूनं चष्मा काढला, पुसला,
अन् पुढची तारीख देल्ली.

तीन तारखा. सहा वेळा एसटी.
मंग दोन हजाराच्या बंधपत्रावर माह्या अंगठ्याशेजारी सही :
वस्तू विकणार नाही,
कोणास देणार नाही,
तिच्या स्वरूपात बदल करणार नाही,
बोलावल्यास जशीच्या तशी हजर करीन.
सही मले येते. अंगठा त्यायलेच पाह्यजे होता.

ठाण्याच्या मागच्या खोलीत मोडक्या फटफट्या,
गावठीचे कॅन, कोणाची तरी लाल सायकल.
कुमरे शिपाईनबाईनं गंज ओढून काढला
अन् झाकण नाई म्हणून हातानंच झाकत राह्यली.
मी आत पाह्यलं.
बुडाले करपलेलं, बोटभर जाड.
आमचा भात असा लागत नाई.
तेलाचा वास, लसणाचा, कोंबडीचा असावा.

ते खाली पाहून म्हणे, "काकू,
त्या आठवड्यात बंदोबस्त होता यात्रेचा.
चाळीस जण. मेस बंद.
आमीबी सकाळपासून उपाशीच होतो."
कुमरे म्हणजे आमच्याच पट्ट्यातली पोरगी.
तिनं भोंग्याच्या दिवशी माहा हात धरला होता,
जोरात नाई.
मी काय बोलू?
जेवल्या ना, विचारलं.
हो म्हणे.

घरी आणला तं बायका राखुंडी अन् नारळाची शेंडी
घेऊनच बसल्या होत्या.
राहू द्या, म्हटलं.
स्वरूपात बदल करायचा नाई,
लिवून देल्लं हाय म्या.
मथुरा हासली, मंग सगळ्याच हासल्या,
देवरावच्या घरची तं खाली बसून हासली.
डफ अजून तिथीच हाय त्याचा.

सोमवारी परत फाट्यावर चूल मांडली.
ताडपत्री नाई, भोंगा नाई.
त्यायच्या करपलेल्यावरच आमचं पाणी ठेवलं,
आधण आलं,
अन् वाफंले जरासा लसणाचा वास होता.