पाटी

बाप पाट्या रंगवायचा.
इंग्रजी त्याला यायचं नाही,
अक्षरं चित्रांसारखी उतरवायचा:
हे अंडं, ही शिडी, हा मोडका कंगवा.

एकेचाळीस साली समुद्रालगतच्या क्लबासाठी
पांढऱ्यावर काळी, हातभर लांब पाटी केली.
फाटकावर खिळे ठोकून झाले, तहान लागली,
म्हणून आत वळला तर दरवान म्हणाला,
"रावजी, वाच की.
तूच लिहिलंयस."
रंग अजून ओला होता.

हे तो हसत सांगायचा.
आई हसत नसे.

नायगावात आमच्या शेजारच्या चाळीतल्या नळाला
पाटी नव्हती. लागतच नव्हती.
हंडा घेऊन किती पावलं लांब उभं राहायचं
ते आम्ही पोटातूनच शिकून यायचो.

मग गोरे गेले.
क्लबाचा निरोप आला: पाटी काढून ने, गाजावाजा नको.
लाकूड सागाचं, फेकणार कोण?
पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून बसली,
मापाने केल्यासारखी.
बापाने पांढऱ्याचे दोन हात दिले,
तरी सकाळचं तिरपं ऊन आलं की
अंडं दिसायचं. कंगवा दिसायचा.

एक्कावन्नात यादीवाला आला.
"बाईंचं नाव?"
आई दाराआडून म्हणाली, "रावजी गमऱ्यांची मंडळी."
"असं नाही चालत. सरकारला नाव हवंय."
बाप चपलांकडे बघत राहिला.
बारा वर्षांच्या संसारात
त्यानेही तिला 'अगं'च म्हटलेलं.

"ठकू," ती म्हणाली.
मग पुन्हा, पार नळापर्यंत जाईल असं:
"ठकूबाई रावजी गमरे. लिवा."

जानेवारीत म्युनिसिपालिटीच्या शाळेत पेट्या आल्या.
बाहेरचा बाण बापानेच रंगवला, 'स्त्रिया इकडून',
एकेक अक्षर वाचत, जिभेचं टोक दातांत धरून.
रांगेत आईच्या पुढे नळावरची एक बाई होती.
तिने पदर आवरून घेतला.
रांग मात्र तीच राहिली.

घरी येऊन आईने आधी पाणी प्यायलं.
शाई ओली होती.
झाकणावर एक जांभळा ठिपका उठला,
बाप म्हणाला, पुसतो.
ती म्हणाली, हात लावून बघा.

दुसऱ्या दिवशी नळावर
मी तिच्या मागे, हातात लहान कळशी.
सात वर्षांची होते, मोजता यायचं.
रोज नऊ पावलं असायची.
त्या दिवशी आठ.